परतीची वाट कोणी बुजवली, ते पाहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चिपळूणच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेची तयारी करताय. विषय आहे युद्धात मुद्दाम घडवलेलं नागरिकांचं विस्थापन. समोरचा गट म्हणतो, गोळीबार सुरू झाला की माणूस पळणारच, त्यात धोरण कसलं शोधता? लेखी हुकूम दाखवा. आणि शेवटी तुम्ही जरा दबकत विचारलंय की आजोबांची जमीन प्रकल्पात गेली, तेही यातच मोडतं का? या शेवटच्या ओळीमुळेच मी एवढं लांब लिहायला बसले.

आधी एक मान्य करते. हेतू सिद्ध करणं खरोखर अवघड असतं आणि समोरच्या गटाचं म्हणणं अर्धं खरं आहे. पुष्कळ माणसं कोणी न सांगता, नुसत्या भीतीने निघतात. ज्या दिवशी लोक निघाले त्या दिवसाकडेच बघत राहिलात तर उत्तर सापडत नाही, कारण त्या दिवशी सगळीकडे सारखंच दिसतं: गाठोडी, म्हातारी माणसं, ट्रॅक्टर, रडणारी मुलं. मी नंतरची दोन-तीन वर्षं बघायला शिकले. गेलेल्याच्या घराचं, जमिनीचं, नावाचं पुढे काय केलं? परतीची वाट उघडी राहिली, की कोणीतरी बसून ती बुजवली?

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. १९९२ साली मी रत्नागिरीत नुकती सनद घेतलेली वकील होते. इराकने २ ऑगस्ट १९९० ला कुवेत घेतलं, तेव्हा तिथून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आले. त्यात आपल्या खेड, दापोली, रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ होती. कोणी स्वयंपाकी, कोणी ड्रायव्हर, कोणी गाळ्यावर. पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचे अर्ज मागवले. नुसतं देश सोडावा लागला म्हणून एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, आणि दुसऱ्या प्रकारचे दावे करणार नाही असं लिहून दिलं तर चार हजार. ते अर्ज भरायला लोक माझ्याकडे यायचे. अडचण बहुतेक एकच असायची, पासपोर्ट अरबाबाकडे, म्हणजे तिथल्या मालकाकडे, राहिलेला. मग तिकिटाचा तुकडा, शिबिरात मिळालेली चिठ्ठी, पगाराचा कागद, जे असेल ते जोडायचो.

त्या कुवेतची दुसरी बाजू मला फार नंतर कळली. युद्धाआधी तिथे सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते, कित्येकांच्या दोन-दोन पिढ्या तिथेच वाढलेल्या. त्यांच्या नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली, या रागात कुवेत मुक्त झाल्यावर त्यांचे राहण्याचे परवाने नव्याने मिळेनात, काहींना मारहाण झाली, काहींना सरळ हाकललं. त्यांच्यातली अगदी थोडी माणसं उरली. आपली माणसं मात्र नवा व्हिसा काढून दोन वर्षांत पुन्हा कामावर हजर झाली. देश एक, युद्ध एक, पळण्याचे दिवसही जवळपास तेच. आपल्या माणसांना हुसकावणं कोणाच्या योजनेत नव्हतं, ती युद्धाच्या वाटेत सापडली होती. पॅलेस्टिन्यांनी परत येऊ नये असं ठरवलेलं होतं. तुम्हाला हवा असलेला फरक या दोघांमध्ये आहे.

आता बोस्निया, जिथे १९९२ ते १९९५ सर्ब, क्रोएट आणि मुसलमान यांच्यात युद्ध झालं. २००० नंतर काही वर्षं मी तिथे विस्थापितांच्या घरांच्या दाव्यांचं काम केलं. आपल्याकडे गावात कुलूप लावलेलं घर दिसलं तर आपण काय समजतो? मंडळी मुंबईला, गणपतीत येतील. शेजारी पावसाआधी कौलं बघून घेतो, कोणी उंबरठ्यावरचं गवत काढतो. सर्बांनी ताब्यात घेतलेल्या प्रियेदोर शहराच्या आसपास १९९२ मध्ये कुलूप लावलेल्या घराचा अर्थ झाला 'सोडून दिलेली मालमत्ता', आणि तशा मालमत्तेसाठी कायदे झाले. हे फक्त एका बाजूने केलं असं नाही. सरकारी मालकीच्या फ्लॅटमध्ये हक्काने राहणाऱ्यांसाठी दुसऱ्या, म्हणजे मुसलमान आणि क्रोएट बाजूच्या प्रदेशात, युद्ध संपता संपता मुदत ठरली: देशात असाल तर सात दिवसांत आणि परदेशात असाल तर पंधरा दिवसांत परत या, नाहीतर हक्क गेला. जर्मनीत निर्वासित म्हणून राहणारी बाई, जिच्या गावाकडच्या रस्त्यात अजून सुरुंग पेरलेले, तिने पंधरा दिवसांत मुलाबाळांसह येऊन हजर व्हायचं. अशी मुदत जो लिहितो त्याला ती कोणी पाळू शकणार नाही हे ठाऊक असतं. तुमच्या विरोधकांना लेखी हुकूम हवाय ना? तो सेनापतीच्या टेबलावर शोधू नका. तो घरवाटप खात्याच्या फाइलमध्ये असतो.

तरी त्या युद्धात वरचा कागदही सापडला. १२ मे १९९२ ला बोस्नियातल्या सर्ब नेत्यांच्या विधानसभेने सहा 'सामरिक उद्दिष्टं' मंजूर केली. पहिलं होतं, इतर दोन समाजांपासून, म्हणजे मुसलमान आणि क्रोएट यांच्यापासून, वेगळं होणं. त्याच महिन्याच्या अखेरीस प्रियेदोरमध्ये सर्ब नसलेल्यांनी घरावर पांढरी चादर लावावी आणि बाहेर पडताना दंडाला पांढरी पट्टी बांधावी, असा फतवा निघाला. त्या विधानसभेचे अध्यक्ष मोमचिलो क्रायिश्निक यांना हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाने हद्दपारी, सक्तीचं स्थलांतर आणि छळ यांसाठी दोषी धरलं, अपिलात २७ वर्षांची शिक्षा २० वर्षांवर आली. न्यायाधीशांनी एकेक घटना सुटी धरली नाही. गावागावात तोच क्रम होता: हत्यारं जमा करा, पुढाऱ्यांना उचला, मशीद पाडा, मग बस लावा. तो पुन्हा पुन्हा दिसला तेव्हा हा योगायोग नव्हे असं म्हणता आलं.

पण लगेच दुसरी गोष्टही सांगते, नाहीतर स्पर्धेत तुम्ही अडकाल. मी ज्या मुसलमान कुटुंबाच्या घराचा दावा चालवत होते, त्या घरात एक सर्ब कुटुंब राहत होतं. आजी, सून, दोन मुली. ते कुठून आले होते? क्रोएशियातल्या क्निनहून, ऑगस्ट १९९५ मध्ये, ट्रॅक्टरवर बसून. तेव्हा क्रोएशियाच्या सैन्याने चार दिवसांत तो प्रदेश घेतला आणि दीड-दोन लाख सर्ब निघून गेले. त्याबद्दल जनरल गोतोविना यांच्यावर खटला झाला. खालच्या न्यायपीठाने तोफगोळे कुठे पडले ते मोजलं, लष्करी लक्ष्यापासून २०० मीटरपेक्षा लांब पडलेले गोळे बेकायदा धरले आणि त्यावरून लोकांना घालवण्याची योजना होती असं ठरवलं. २०१२ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी तो निकाल उलटला, २०० मीटरच्या मापाला आधार नाही म्हणून, आणि गोतोविना सुटले. म्हणजे लाखो माणसं गेली हे कोणी नाकारलं नाही, हेतूचा पुरावा मात्र टिकला नाही. त्या आजीला मी हे कसं सांगणार होते? तिला त्या घरातून उठावं लागलं, कारण घर तिचं नव्हतं. तिचं घर क्निनला होतं आणि त्याच्या परतीचे कागद दुसऱ्या कुठल्यातरी खिडकीवर अडलेले होते. एका हुसकावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात बसवलं की दोघांचीही परतण्याची वाट बंद होते, आणि हे करणाऱ्यांना ते नीट कळत असतं.

विस्थापनाचा हेतू नेहमी 'हे लोक इथे नकोत' एवढाच असतो असंही नाही. कधी माणसं हवी असतात, पण मुठीत. ब्रिटिशांनी मलायात १९५० पासून सुमारे पाच लाख लोकांना, बहुतेक चिनी वंशाच्या शेतकऱ्यांना, काटेरी तारांच्या 'नव्या गावांत' आणून बसवलं, जंगलातल्या बंडखोरांना तांदूळ मिळू नये म्हणून. आपल्या देशातही हे घडलंय आणि ते आपण बोलायला हवं. मिझोरममध्ये १९६६ चं बंड झाल्यावर जानेवारी १९६७ पासून गावं एकत्र करण्याची मोहीम लष्कराने हाती घेतली. लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत हलवलं आणि मागची गावं जाळली, म्हणजे बंडखोरांना तिथे आसरा नको. ग्रामीण मिझो समाजाचा फार मोठा भाग असा हलवला गेला. डारझो नावाच्या गावात गावप्रमुखांकडून, आम्ही आपखुशीने सरकारकडे संरक्षण मागतोय असा कागद लिहून घेतल्याचं एका प्रशासकीय अधिकाऱ्याने नंतर नोंदवून ठेवलं आहे.

या मोहिमांमध्ये आणखी एक काम साधतं. हुकूम निघाला की जो वसाहतीत आला तो आपला आणि जो मागे राहिला तो शत्रूचा, असा हिशेब लागतो. शेतात पीक उभं आहे म्हणून मागे राहिलेला म्हातारा बंदुकीच्या नजरेत बंडखोर ठरतो. कोण कुणाच्या बाजूचं हे ज्या युद्धात कळत नाही, तिथे माणसं हलवून ते 'कळवून घेतात'. मला विचाराल तर विस्थापनाचा हा उपयोग सर्वांत कमी बोलला जातो.

'आपखुशी' या शब्दाशी थोडं थांबू या. दिवाणी वकिलीत खरेदीखत वाचताना 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता' ही ओळ हजारदा डोळ्यांखालून गेली असेल. डारझोच्या कागदात तीच. बोस्नियात बान्या लुकाकडून निघणाऱ्यांना जाण्याची परवानगी हवी तर घर स्वेच्छेने देऊन टाकलं असं सही करून द्यावं लागे. आणि पूर्व नेपाळात झापा जिल्ह्यातल्या छावण्यांत मी भूतानमधून आलेल्या नेपाळीभाषकांचे जबाब घेतले, तिथे पुन्हा तीच ओळ. भूतानने १९८८ च्या जनगणनेत नागरिकत्वाचा पुरावा म्हणून १९५८ सालची सारा भरल्याची पावती मागितली. १९५७ ची चालत नव्हती, १९५९ चीही नाही. आपल्याकडे किती घरांत एका नेमक्या सालची घरपट्टीची पावती सापडेल? ज्यांच्याकडे नव्हती ते परके ठरले. ज्यांच्याकडे होती त्यांच्यातल्याही कित्येकांनी स्वेच्छेने देश सोडत असल्याच्या फॉर्मवर सह्या केल्या, कारण भाऊ तुरुंगात होता किंवा रात्री दारावर शिपाई येत होते. एक बाई माझ्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीतून ती १९५८ ची पावती काढून दाखवत होती. सोळा-सतरा वर्षं तिने ती पावसापासून जपलेली. मी ती हातात घेतली आणि बराच वेळ मला पुढचा प्रश्न विचारता येईना. सुमारे लाखभर माणसं त्या छावण्यांत होती. २००७ नंतर बहुतेक अमेरिकेत आणि इतर देशांत स्थायिक झाली. भूतानला परतायला मिळालं नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि तुम्ही तो वापरा. सक्ती म्हणजे फक्त बंदुकीची नळी नव्हे. हिंसेची भीती, अटक, मानसिक दडपण, माणसाला राहणं अशक्य करून सोडणारी परिस्थिती, हे सगळं सक्तीतच धरतात. अशा वेळी घेतलेली सही संमती ठरत नाही.

वाट बुजवण्याची रीत काळाप्रमाणे बदलते, तिचं काम बदलत नाही. सिरियात २०१८ च्या कायदा क्रमांक १० ने पुनर्विकासाच्या क्षेत्रात मालकी सिद्ध करायला आधी ३० दिवस दिले होते, ओरड झाल्यावर वर्षभर केले. म्यानमारमध्ये २५ ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले आणि साधारण महिन्याभरात म्यानमारच्या मंत्र्याने सांगितलं की जळलेली जमीन कायद्याने सरकारच्या ताब्यात जाते. पुढे जळकी गावं बुलडोझरने सपाट झाली, बांधही ओळखू येऊ नयेत अशी. मी बांगलादेशात कॉक्स बाजारला, रोहिंग्यांच्या छावण्यांत, काही महिने होते तेव्हा लोक आम्हाला गावाचा नकाशा मातीत काठीने काढून दाखवायचे: इथे तळं, इथे मशीद, इथे माझी तीन सुपारीची झाडं. (ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवतो. त्या राजाला १८८५ मध्ये देशाबाहेर काढलं, १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला, समाधीही इथेच. राजा दूर ठेवायचा होता, म्हणून मेल्यावरही त्याची वाट बंदच राहिली.)

याउलट, वाट राखणारा कायदाही असू शकतो. काश्मिरी पंडित १९९० मध्ये खोऱ्यातून निघाले. त्यांची घरं-जमिनी नडलेल्या भावात विकली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये तिथल्या विधानसभेने कायदा केला. तो उशिरा आला, त्याआधी बरंच विकलं गेलं होतं, तरी त्याची दिशा बघा. बोस्नियातही १९९५ च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टात प्रत्येकाला मूळ घरी परतण्याचा हक्क दिला आणि 'सोडलेल्या मालमत्तेचे' कायदे पुढे रद्द करायला लावले. सुमारे दोन लाख दाव्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक घरं मालकांना परत मिळाली. जगात असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पण घर मिळालं म्हणजे गाव मिळालं असं झालं नाही. शाळेत दुसऱ्यांचा इतिहास, पोलीस चौकीत तोच जुना शिपाई, नोकरी नाही; पुष्कळांनी किल्ली घेतली आणि घर विकलं.

कोकणात राहून हा विषय दूरचा वाटत असेल तर तळकोकणातल्या घरांमध्ये विचारून बघा, कुलदैवत कुठे? मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, सगळी गोव्यातली. मग विचारा, मूळ स्थान कुठलं? पोर्तुगीज देवळं पाडत होते म्हणून १५६० मध्ये त्यांच्या मुलखातल्या कुठ्ठाळीहून मंगेश नदीपलीकडे प्रियोळला नेला, तेव्हा तो भाग आदिलशाहीत होता. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देवासोबत माणसंही निघाली, कोणी उत्तरेला, कोणी थेट मंगळूरपर्यंत. साडेचारशे वर्षांनंतरही लोक मूळ गावाचं नाव सांगतात. या आठवणीची मला भीतीही वाटते. बोस्नियात प्रत्येक बाजूकडे अशीच शंभर-पाचशे वर्षांची आठवण होती आणि पांढऱ्या चादरी लावायला सांगणाऱ्यांनी तीच कारण म्हणून पुढे केली. मूळ गाव आठवणं वेगळं आणि आजच्या शेजाऱ्याला त्याचा जाब विचारणं वेगळं, हे मला तिथल्या छावण्यांमध्ये पटलं.

वादविवादासाठी थोडक्यात मांडणी अशी करा: लोक का पळाले यावर भांडू नका, त्यांची वाट कोणी व कशी अडवली ते दाखवा, एका गावावर थांबू नका, क्रम दाखवा, आणि गोतोविनांचा निकाल स्वतःच आधी सांगा, म्हणजे समोरच्यांच्या हातात काही राहणार नाही. 'लष्करी गरज होती' असं ते म्हणतील. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं ४९ वं कलम तशी सोय देतं खरं: लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा अटळ लष्करी कारणासाठी तात्पुरतं हलवता येतं, पण कुटुंबं तुटू नयेत, राहण्याची सोय हवी, आणि त्या भागातली लढाई थांबताच परत आणायला हवं. निसर्ग वादळाच्या वेळी, ३ जून २०२० ला, आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांमधली माणसं शाळेत आणून ठेवली होती. काही म्हातारे यायला तयार नव्हते, त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. ते हलवणं होतं, हुसकावणं नव्हतं, कारण वारा पडल्यावर सगळे आपापल्या घराचे पत्रे शोधायला मोकळे होते.

आता आजोबांची जमीन. ते विस्थापन आहेच, आणि 'विकासासाठी होतं' म्हणून दुःख कमी होत नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची अंतर्गत विस्थापनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं सहाव्या तत्त्वात वांशिक सफाई आणि प्रकल्प दोन्ही नोंदवतात: अतिमहत्त्वाच्या सार्वजनिक हिताचं समर्थन नसलेल्या मोठ्या प्रकल्पासाठी उठवणं हेही मनमानी विस्थापनच. तरी मी दोन्हींना एकच नाव देणार नाही. प्रकल्पाला जमीन हवी असते. तिथे कोणत्या जातीधर्माचे, कोणत्या पक्षाचे लोक राहतात याच्याशी सहसा त्याला देणंघेणं नसतं. युद्धातल्या धोरणाला माणूसच नको असतो, जमीन पडीक राहिली तरी चालते. सीमारेषा पुसट होते ती कुठे? नको असलेल्या लोकांच्याच वस्तीवरून नेमका प्रकल्प आखला जातो तिथे, किंवा मोबदला आणि पर्यायी जमीन यांची वाट इतकी लांबवली जाते की माणूस कंटाळून मरतो. तुमच्या चिपळूणला कोयनेचं पाणी वाशिष्ठीतून रोज दिसतं. त्या धरणात ज्यांची गावं बुडाली, त्यातल्या पुष्कळांच्या वारसांचा पुनर्वसनाचा लढा साठ वर्षांनंतरही चालू आहे. त्यामागे हुसकावण्याचा हेतू नव्हता, पण न्याय झाला असंही म्हणता येत नाही.

म्हणून आजोबांच्या बाबतीत माझा सल्ला वकिलीतलाच आहे. संपादनाआधीचा सातबारा, जुन्या, १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली गेली असेल तर त्याच्या कलम ४ च्या अधिसूचनेची प्रत, निवाडा, ताबा पावती, संपादनानंतरचा फेरफार आणि प्रकल्पग्रस्त दाखला घेतला असेल तर तो, हे सगळं एका जागी आणा. जे घरात नसेल त्याची नक्कल भूसंपादन शाखेतून आणि तलाठ्याकडून मागा. आजोबा हयात असतील तर त्यांना घेऊन बसा आणि वहीवर जमिनीचा नकाशा काढायला सांगा, बांध, विहीर, झाडं, वाट, सगळ्यासकट, आणि खाली तारीख घालून त्यांची सही घ्या. कागद जमले की इथेच लिहा. मी बघून देईन.